ठेका, मेंदू आणि आठवण

सात नव्वे किती, असं कुणी अचानक विचारलं तर पुष्कळजणी चटकन ‘त्रेसष्ट’ म्हणतील. ज्यांना चटकन सांगता येणार नाही त्या काय करतील? मनातल्या मनात ‘सात साती एकोणपन्नास, सात आठी छप्पन्न’ असा सूर धरतील आणि त्या ओघात त्रेसष्ट आपोआप जिभेवर येऊन बसेल. शाळा सुटून वीस-पंचवीस वर्षं झाली. इतिहासातल्या सनावळ्या गेल्या, भूगोलातली पिकं गेली, रसायनशास्त्राची सूत्रं तर परीक्षेच्या दुसऱ्याच दिवशी गेली. पाढे मात्र राहिले. कारण ते आपण नुसते वाचले नव्हते, ठेक्यात म्हटले होते.

आरत्यांचंही तसंच. गणपतीत वर्षातून एकदा म्हणायची वेळ येते, पण टाळ वाजू लागले की कडव्यामागून कडवं येत जातं. मध्येच कुणी थांबवून ‘तिसऱ्या कडव्यातला दुसरा शब्द कोणता?’ असं विचारलं, तर मात्र पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. म्हणजे शब्द आठवणीत असतात, पण ते ठेक्याच्या दोरीत ओवलेले असतात. दोरीचं टोक हाती आलं तरच मणी सापडतो.

आता याच गोष्टीचा बाजार मांडलेला दिसतो. मोबाइलवर बघावं तिकडे ‘हा आवाज रोज अर्धा तास ऐका, स्मरणशक्ती दुप्पट होईल’, ‘मुलांना झोपेत हे ऐकवा, परीक्षेत पहिला नंबर’, ‘आजीचा विसराळूपणा घालवणारा नाद’ अशा जाहिराती. मी एका शाळेत पाचवी ते सातवीच्या मुलांना अर्धवेळ शिकवते. वार्षिक परीक्षेआधी शाळेच्या फाटकाशी एका विद्यार्थ्याची आई मला भेटल्या. कुणीतरी त्यांना कानात लावायचं यंत्र आणि ‘मेंदूच्या लहरी सुधारणारे’ आवाज असा सहा हजार रुपयांचा संच घ्यायला सांगितलं होतं. भिशीचा नंबर त्यांना नुकताच लागला होता. “बाई, घेऊ का? मुलाच्या डोक्यासाठी पैसे गेले तर वाईट नाही वाटायचं. पण फुकट जायला नकोत,” असं त्या म्हणाल्या.

प्रश्न साधा होता, पण उत्तर साधं नव्हतं. मी काही डॉक्टर नाही, बी. ए. झालेली शिक्षिका आहे. पण मिळेल ते वाचून, समजून घेऊन त्यांना सांगायचं मी कबूल केलं. वाचता वाचता लक्षात आलं, की यात खरं शास्त्र पुष्कळ आहे आणि त्या शास्त्राच्या नावावर खपवलेला मालही पुष्कळ आहे. दोन्ही वेगळे करून बघायला हवेत. तांदळातले खडे वेचतो ना, तसे.

मेंदूलाही ठेका असतो

माणसाच्या बाबतीत ही गोष्ट पहिल्यांदा कळली ती जर्मनीतल्या येना गावच्या हान्स बर्गर या मनोविकारतज्ज्ञाला. तरुणपणी सैन्यात असताना तो एकदा घोड्यावरून पडला आणि थोडक्यात वाचला. त्याच दिवशी घरी त्याच्या बहिणीच्या मनाला कसलीशी धास्ती वाटली आणि तिने वडिलांना तार करायला लावली. हा विचार तिच्यापर्यंत पोचला कसा, या कुतूहलातून तो मेंदूच्या अभ्यासाकडे वळला. विचार असा दूरवर पोचतो हे काही त्याला सिद्ध करता आलं नाही. पण १९२४ साली माणसाच्या डोक्याला तारा लावून मेंदूतल्या विजेच्या अतिसूक्ष्म लहरी त्याने कागदावर उमटवून दाखवल्या. १९२९ मध्ये त्याने ते प्रसिद्ध केलं. सुरुवातीला कुणी फारसा विश्वास ठेवला नाही. १९३४ मध्ये केंब्रिजच्या एडगर एड्रियन आणि ब्रायन मॅथ्यूज या शास्त्रज्ञांनी तोच प्रयोग करून बर्गरचं म्हणणं खरं असल्याचं दाखवलं, तेव्हा जगाने मान्य केलं. आज फिट्सच्या रोग्यांचा ‘ईईजी’ काढतात, तो याच शोधाचा वारसा.

मेंदूत कोट्यवधी पेशी असतात. त्यांचे पुष्कळसे गट एकाच वेळी जागे होतात, एकाच वेळी शांत होतात, आणि त्यांच्या एकत्र चालीने लहर तयार होते. धान्य कांडताना दोघींची मुसळं आळीपाळीने एका लयीत पडतात, तसंच काहीसं. आपण डोळे मिटून स्वस्थ बसलो की सेकंदाला ८ ते १३ अशा लहरी उमटतात. त्यांना ‘अल्फा’ म्हणतात. डोळे उघडले किंवा मनात हिशोब करू लागलो की त्या ओसरतात. कामात गुंतलेल्या मेंदूत १३ ते ३० पर्यंतच्या ‘बीटा’ लहरी असतात, त्याहून वेगवान त्या ‘गॅमा’. ४ ते ८ या ‘थीटा’, आणि गाढ झोपेतल्या संथ लहरी ‘डेल्टा’.

इथेच जाहिरातवाल्यांची पहिली चलाखी होते. अल्फा म्हणजे शांती, थीटा म्हणजे स्मरणशक्ती, गॅमा म्हणजे बुद्धी, असं ते सांगतात आणि हवी ती लहर विकत घ्या म्हणतात. मेंदूचा कारभार इतका सोपा नाही. एकाच वेळी वेगवेगळ्या भागांत वेगवेगळ्या लहरी चालू असतात आणि एकाच लहरीचा अर्थ जागा आणि वेळ पाहून बदलतो. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली म्हणजे भातच शिजला असं थोडंच असतं? डाळही असेल, बटाटेही असतील!

बाहेरचा ताल आत पोचतो का?

पोचतो, आणि हे खरं आहे. कानावर एकसारखा ठोका पडत राहिला की मेंदूचा ऐकण्याचा भाग त्याच वेगाने प्रतिसाद देऊ लागतो. झोपाळ्याला योग्य वेळी हलका रेटा देत गेलं की तो त्याच लयीत झुलत राहतो, तसंच हे. अमेरिकेतल्या रॉबर्ट गॅलंबॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली दाखवलं, की सेकंदाला ४० च्या आसपास ठोके ऐकवले तर हा प्रतिसाद विशेष ठळक येतो. याच तत्त्वाचा उपयोग करून आज तान्ह्या बाळांचं ऐकणं तपासतात. बाळाला ‘ऐकू आलं का?’ असं विचारता येत नाही, पण त्याचा मेंदू लहरींतून उत्तर देतो.

आपलं बोलणंसुद्धा तालातच असतं. जगातली कोणतीही भाषा घ्या, बोलताना सेकंदाला साधारण चार-पाच अक्षरांची लय असते. ऐकणाऱ्याच्या मेंदूतल्या संथ लहरी त्या लयीचा माग धरतात आणि त्यामुळे शब्द वेगळे काढणं सोपं जातं. म्हणून फार भरभर बोललेलं डोक्यात शिरत नाही. आणि तालाची ही जाण उपजत असते बरं का! २००९ साली बुडापेस्टमध्ये दोन-तीन दिवसांच्या बाळांना झोपेत ढोलाचा ठेका ऐकवला. ठेक्यातला मुख्य ठोका मुद्दाम गाळला की त्यांच्या मेंदूच्या लहरींत लगेच फरक दिसे. पाळण्याची दोरी हलवत आजी गुणगुणते, त्यातली लय बाळाला कळते ती अशी.

दोन कानांत दोन सूर

मोबाइलवर सर्वांत जास्त खपतो तो प्रकार म्हणजे दोन कानांत दोन वेगळे सूर ऐकवणं. तंबोरा लावताना जोडीच्या तारा जवळजवळ जुळल्या पण पूर्ण जुळल्या नाहीत, की आवाज वाढतो-कमी होतो, वाढतो-कमी होतो. शाळेच्या पुस्तकात याला ‘विस्पंद’ म्हणतात. आता एका कानात सेकंदाला ४०० कंपनांचा सूर आणि दुसऱ्या कानात ४१० चा दिला, तर हवेत दोन्ही मिसळत नाहीत, तरीही ऐकणाऱ्याला सेकंदाला दहा हेलकावे जाणवतात. हे हेलकावे मेंदूच तयार करतो. ही गंमत एकोणिसाव्या शतकात हाइनरिश डोव्ह या जर्मन शास्त्रज्ञाच्या ध्यानात आली होती. १९७३ मध्ये गेराल्ड ऑस्टर यांनी तिच्यावर लेख लिहिला आणि ती प्रसिद्धीला आली.

पण हेलकावा जाणवणं वेगळं आणि सगळा मेंदू त्या चालीवर नाचू लागणं वेगळं. २०२३ साली काही संशोधकांनी याविषयीचे १४ अभ्यास गोळा करून पाहिले. मेंदूच्या लहरी खरोखर त्या वेगाला जुळतात असं पाच अभ्यासांत आढळलं, आठांत आढळलं नाही आणि एकात संमिश्र निकाल आला. लहरी जुळतात की नाही याचाच पत्ता नाही, मग स्मरणशक्ती दुप्पट झाल्याची हमी कशी देता येईल?

झोपेतली लहर आणि सकाळची आठवण

माझ्या वाचनात सर्वांत विलक्षण वाटला तो झोपेचा प्रयोग. दिवसभर शिकलेलं मेंदू रात्री निगुतीने लावून ठेवतो. दुपारी बाजारातून आणलेली भाजी ओट्यावर पसरलेली असते. रात्री निवडून, पुसून जागच्या जागी ठेवली की सकाळी हाताला लागते. मेंदूच्या आत ‘हिप्पोकॅम्पस’ नावाचा समुद्रघोड्याच्या आकाराचा छोटा भाग आहे. दिवसभराच्या आठवणी प्रथम तिथे जमा होतात. गाढ झोपेत सेकंदाला एकीच्या आसपास अशी मोठी संथ लहर येत राहते. त्या लहरीच्या चढावर या आठवणी मेंदूच्या बाहेरच्या थरात पक्क्या होत जातात, असं शास्त्रज्ञ मानतात.

२०१३ साली जर्मनीत ११ जणांवर एक प्रयोग झाला. त्यांना संध्याकाळी शब्दांच्या जोड्या पाठ करायला दिल्या. रात्री गाढ झोपेत त्यांच्या मेंदूची लहर चढावर आली की नेमक्या त्या क्षणी कानात अगदी हलका, पाऊस पडल्यासारखा क्षणभराचा आवाज दिला. लहरी मोठ्या झाल्या आणि सकाळी जास्त जोड्या आठवल्या. तोच आवाज लहरीशी न जुळवता दिला तेव्हा फायदा झाला नाही. २०१७ साली अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात ६० ते ८४ वर्षांच्या १३ जणांवर असाच प्रयोग झाला. आवाजाच्या रात्रीनंतरच्या सकाळी त्यांनाही शब्द अधिक आठवले. पुढे काही प्रयोगशाळांत मात्र लहरी वाढल्या, पण आठवण वाढली नाही, असंही दिसलं.

यातली मेख नीट लक्षात घ्या. आवाज महत्त्वाचा नव्हता, आवाजाची वेळ महत्त्वाची होती. यंत्र आधी झोपलेल्या माणसाच्या मेंदूचं ‘ऐकत’ होतं आणि मग बोलत होतं. तेव्हा रात्रभर उशाशी मोबाइल वाजत ठेवला तर हा परिणाम होणार नाही. उलट मुलाची झोपमोड झाली तर आहे ती आठवणही पक्की होणार नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत जागवण्यापेक्षा वेळेवर झोपवणं जास्त लाभाचं, हे मात्र या संशोधनातून स्पष्ट होतं, आणि त्याला काही पैसे पडत नाहीत.

चाळीस ठोक्यांची आशा

घरात वयस्कर माणूस विसरू लागलं की काय होतं, हे ज्यांच्या घरी आहे त्यांनाच ठाऊक. गॅस चालू राहतो, जेवलेलं आठवत नाही, एक दिवस पोटच्या मुलीलाच ‘आपण कोण?’ असं विचारलं जातं. अशा घरांत ‘४० हर्ट्झ’चे व्हिडिओ फार फिरतात. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती वेळा, एवढाच अर्थ. त्यामागे खरं संशोधन आहे, ते असं.

अल्झायमर या आजारात मेंदूत ‘अमायलॉइड’ नावाचा पदार्थ साचत जातो. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत ली-ह्वे त्साय या विदुषी काम करतात. त्यांच्या गटाने २०१६ साली या आजाराची लक्षणं असलेल्या उंदरांना सेकंदाला ४० वेळा लुकलुकणारा दिवा दाखवला, आणि पाहण्याच्या भागातलं अमायलॉइड कमी झालेलं आढळलं. २०१९ मध्ये दिव्याऐवजी त्याच वेगाचे आवाज रोज तासभर, सात दिवस ऐकवले. या वेळी ऐकण्याच्या भागात आणि हिप्पोकॅम्पसमध्येही अमायलॉइड घटलं, आणि उंदरांना वाट व वस्तू अधिक चांगल्या ओळखता आल्या.

ही बातमी जगभर गाजली. पण २०२३ साली न्यूयॉर्कच्या ग्योर्गी बुझाकी यांच्या प्रयोगशाळेने उंदरांवर दिव्याचा प्रयोग पुन्हा केला, तेव्हा त्यांना अमायलॉइड कमी झालेलं दिसलं नाही. शास्त्रात असं होतं. एकाची पोळी फुगली म्हणून कृती बरोबर ठरत नाही, दुसऱ्यांच्या तव्यावरही ती फुगावी लागते. माणसांवर खास यंत्रं वापरून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली चाचण्या झाल्या आहेत. पण मोबाइलवर व्हिडिओ लावून हा आजार बरा होतो, असं कोणत्याही प्रयोगाने दाखवलेलं नाही.

माझ्या एका मैत्रिणीच्या सासूबाई विसरू लागल्या होत्या. घरच्यांनी चार-पाच महिने त्यांना असे आवाज ऐकवले. मग एकदाच्या डॉक्टरांकडे नेल्या, तर रक्तात बी-१२ जीवनसत्त्व अगदी कमी निघालं आणि ऐकूही निम्मं येत होतं. इंजेक्शनं सुरू झाली, कानाला यंत्र लागलं. आता त्या पुष्कळ सावरल्या आहेत. सगळ्यांचं असं होईल असं नाही. पण थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, मनाचं नैराश्य, काही औषधं यांनीही विसराळूपणा येतो आणि त्यांवर उपाय असतात. आवाजांच्या नादात वेळ गेला तर तो परत येत नाही, हा खरा तोटा. सहा हजार रुपये त्यापुढे काहीच नाहीत.

मोत्झार्टची गोष्ट

आवाजाने हुशारी वाढवायचा मोह नवा नाही. १९९३ साली कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठात फ्रान्सिस राउशर आणि सहकाऱ्यांनी ३६ कॉलेजच्या विद्यार्थ्यांना मोत्झार्टची दोन पियानोंची एक रचना दहा मिनिटं ऐकवली. त्यानंतर घडी घातलेल्या कागदाचा आकार ओळखण्यासारख्या कोड्यांत त्यांना थोडे जास्त गुण मिळाले. हा परिणाम पंधरा मिनिटांच्या आतच ओसरला. प्रयोगात बाळं नव्हती, स्मरणशक्तीही नव्हती. पण बघता बघता ‘मोत्झार्ट ऐकवा, बाळ हुशार होईल’ अशी हाकाटी झाली. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला अशा संगीताची भेट देण्यासाठी सरकारी पैसा मागितला! १९९९ साली सगळे प्रयोग एकत्र करून पाहिले, तेव्हा परिणाम जवळजवळ नाहीच असं निघालं. जो थोडा होता तो मन प्रसन्न झाल्याचा. आवडीचं गाणं ऐकून कामाला लागलं की हात भराभर चालतो, हे कळायला आपल्याला मोत्झार्ट कशाला हवा?

तेव्हा फाटकाशी भेटलेल्या त्या आईंना मी सांगितलं, की हा संच घेऊ नका. भिशीचे पैसे मुलाच्या डोळ्यांच्या तपासणीला, पुस्तकांना किंवा तुमच्या स्वतःच्या एखाद्या राहून गेलेल्या गरजेला वापरा. आणि ठेका हवाच असेल तर तो घरातच आहे, तोही फुकट.

ऐकण्यापेक्षा म्हणणं मोठं

आतापर्यंत मी बहुतेक ‘नाही’च सांगितलं. पण तालाचा उपयोग निश्चित आहे. फरक एवढाच, की पडून ताल ऐकण्यापेक्षा स्वतः तालात म्हणण्याने आठवण राहते.

आपल्या आज्या-पणज्यांकडे बघा. त्यांतल्या बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. पण पहाटे जात्यावर बसल्या की ओवीमागून ओवी येई. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. माहेर, भाऊ, लेक, सासुरवास, पीकपाणी असं सगळं आयुष्य त्यांत साठवलेलं आहे. ना वही, ना पेन्सिल. जात्याची फेरी हाच त्यांचा ठेका आणि तीच त्यांची वही.

ठेक्याने आठवण का राहते? एक तर ठेका तुकडे पाडतो. १९५६ साली जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने दाखवलं, की माणसाला एका वेळी साधारण सातच्या आसपास गोष्टी मनात धरता येतात. म्हणून दहा आकड्यांचा फोन नंबर आपण सलग म्हणत नाही, तीन-चारच्या गटांत म्हणतो. दुसरं, ठेका चुकीला वाव देत नाही. भलताच शब्द घातला तर तो चालीत बसत नाही आणि कानाला लगेच खटकतो. तिसरं, पुढचा ठोका केव्हा येणार हे मेंदूला आधीच कळतं, त्यामुळे लक्ष नेमक्या जागी तयार राहतं.

पाठांतराने मेंदूवरच काही खूण उमटते का, हे पाहण्याचा प्रयत्न आपल्या देशातही झाला. जेम्स हार्टझेल आणि सहकाऱ्यांनी लहानपणापासून वर्षानुवर्षं वेदपठण केलेल्या २१ पंडितांच्या मेंदूंची छायाचित्रं हरियाणातल्या मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात काढली आणि इतर २१ जणांशी ताडून पाहिली. पंडितांच्या मेंदूत भाषा आणि स्मरण यांच्याशी संबंधित काही भाग अधिक भरलेले दिसले. २०१६ साली हे प्रसिद्ध झालं. पठणानेच हा फरक झाला, की मुळात तसा मेंदू असलेलेच या अभ्यासात टिकले, हे एवढ्यावरून सांगता येत नाही. शिवाय त्यामागे रोजची कित्येक तासांची मेहनत होती, अर्ध्या तासाचा व्हिडिओ नव्हता.

आजारपणातही ताल कामी येतो. पक्षाघाताने वाचा गेलेल्या काही माणसांना बोलता येत नाही, पण ओळखीचं गाणं म्हणता येतं. त्याचा आधार घेऊन १९७३ साली बोस्टनमध्ये सुरात बोलायला शिकवण्याची उपचारपद्धत तयार झाली. कंपवाताच्या रोग्यांची पावलं अडखळतात. मायकेल थाउट आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली अशा रोग्यांना तीन आठवडे रोज अर्धा तास ठोक्याच्या तालावर चालायला लावलं, तर चालण्याचा वेग सुमारे २५ टक्क्यांनी वाढला. इथेही ताल नुसता ऐकायचा नव्हता, त्यावर पाऊल टाकायचं होतं.

घरी काय करता येईल?

• मुलांचे पाढे, व्याकरणाचे नियम, नद्यांची नावं टाळ्या वाजवत किंवा पावलं टाकत मोठ्याने म्हणवून घ्या. चाल मुलांनाच लावू द्या. माझ्या वर्गात मुलांनी स्वतः लावलेली चाल माझ्या चालीपेक्षा जास्त टिकते.

• पाढा पाठ झाला की मधूनच विचारा. ‘सात आठी किती?’ ‘छप्पन्न म्हणजे सात गुणिले किती?’ नाहीतर मूल ठेक्याला बांधलं जातं आणि गणित करताना दर वेळी पहिल्यापासून सुरुवात करतं. ठेका ही शिडी आहे, माडीवर पोचल्यावर ती सोडता आली पाहिजे.

• पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवायला लावा. २००६ साली अमेरिकेत झालेल्या प्रयोगात, नुसतं वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं. आठवडाभरानंतर मात्र आठवून पाहणारे पुढे गेले.

• मुलं पाठ करत असताना शब्द असलेली गाणी आणि दूरदर्शनवरची मालिका बंद ठेवा. कानात शिरणारे शब्द पाठ करायच्या शब्दांशी भांडतात. मालिकेचा त्याग थोडा जड जातो, पण परीक्षेपुरताच आहे!

• कानात घालायच्या यंत्रांचा आवाज लहान ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल आणि मुलांसाठी ७५ डेसिबल ही मर्यादा सांगितली आहे. सोपी खूण म्हणजे, हाताच्या अंतरावरून साध्या आवाजात मारलेली हाक मुलाला ऐकू आली पाहिजे.

• लुकलुकणाऱ्या दिव्यांचे व्हिडिओ घरी वापरून बघू नका. ज्यांना फिट्स येतात त्यांना अशा प्रकाशाने झटका येऊ शकतो. १९९७ साली जपानमध्ये दूरदर्शनवरच्या एका व्यंगपटातली लुकलुक पाहून शेकडो मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं होतं.

• वडीलधारी माणसं विसरू लागली तर आधी डॉक्टरांकडे न्या. रक्ताच्या तपासण्या आणि कानांची तपासणी करून घ्या. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांनी २०२४ साली स्मृतिभ्रंशाला हातभार लावणारी टाळता येण्याजोगी १४ कारणं सांगितली, त्यांत ऐकू कमी येणं हे एक महत्त्वाचं कारण आहे. वाढलेला रक्तदाब, मधुमेह आणि एकटेपणा हीही त्याच यादीत आहेत. ‘वयच झालंय, आता कशाला कानाला यंत्र?’ असं म्हणू नका.

• आणि त्यांना गाऊ द्या. ज्यांना सकाळचा चहा घेतल्याचं आठवत नाही, त्यांनाही लहानपणचं गाणं पुष्कळदा पूर्ण येतं. त्याने आजार जात नाही. पण तेवढा वेळ त्या घरातल्या होऊन बसतात, चेहरा उजळतो आणि सांभाळणाऱ्या सुनेलाही जरा हलकं वाटतं. नातवंडाला शेजारी बसवा. एकीची आठवण जाग्यावर येईल आणि दुसऱ्याची तयार होईल.

मैत्रिणींनो, पाळणा, जातं, पाढे, भोंडल्याची गाणी, आरत्या हे सगळं आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं. शास्त्रज्ञांनी यंत्रं लावून बघितलं तेव्हा त्यातलं काही खरं ठरलं, काहीला पुरावा मिळाला नाही. जे खरं ठरलं त्याला आपलं तोंड, आपले हात आणि थोडा वेळ एवढंच लागतं. तेव्हा यापुढे ‘हा आवाज विकत घ्या’ म्हणून कुणी आलं, तर त्याला एवढंच विचारा, यात मला काय करायचं आहे? ‘काहीच नाही, नुसतं ऐकायचं,’ असं उत्तर आलं, तर पर्स उघडू नका.